आवड आणि निवड : शिफारस-यंत्रणा, भाषा आणि वाचकाचे स्वातंत्र्य

मराठीत ‘आवडनिवड’ हा जोडशब्द इतका रूढ आहे की, त्यातील दोन पदे दोन भिन्न गोष्टींचा निर्देश करतात याचे भान सहसा राहत नाही. आवड ही मनाची वृत्ती होय. ती कधी उपजत वाटते, कधी सवयीने जडते, तर कधी दुसऱ्याच्या संगतीने लागते. निवड ही मात्र कृती आहे. ‘निवडणे’ या क्रियापदाचा घरगुती अर्थ पाहिला तर धान्य निवडणे, भाजी निवडणे असे प्रयोग समोर येतात. निवडणाऱ्याच्या पुढ्यात एक रास असते, तीतून काही ठेवायचे असते आणि काही टाकायचे असते. रास पुढ्यात कोणी आणून ठेवली, ती कोणत्या कोठारातून आली आणि कोठारात आणखी काय शिल्लक आहे, हे प्रश्न निवडणाऱ्याला बहुधा पडत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या व्यवहाराचे मर्म याच न पडणाऱ्या प्रश्नांत दडलेले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने यंत्र माणसाची जागा घेईल काय, या एका प्रश्नाभोवती फिरत राहते. त्या प्रश्नाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि, त्याच्या गाजावाज्यात दुसरी एक घटना झाकली जाते. यंत्राने माणसाची जागा घेतलेली नसतानाही माणसाच्या निवडीची जागा, म्हणजे ज्या चौकटीत निवड घडते ती चौकट, यंत्राने व्यापली आहे. कोणता चित्रपट पाहावा, कोणते पुस्तक मागवावे, पत्रातील पुढचा शब्द कोणता असावा, परभाषेतील वाक्याचा अर्थ कोणता समजावा, अशा लहानलहान निर्णयांत ही व्याप्ती दिसते. निर्णय क्षुल्लक असतात म्हणून त्यांची नोंद होत नाही. आणि नोंद होत नाही म्हणूनच त्यांचा साकल्याने होणारा परिणाम मोठा असतो. या प्रक्रियेची उकल करून तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने तिच्यात काय पणाला लागले आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शिफारशीचे यांत्रिकीकरण

शिफारस-यंत्रणांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘टॅपेस्ट्री’ नावाची एक प्रणाली विकसित झाली आणि १९९२ मध्ये तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. इ-मेलचा वाढता ओघ आवरणे हा तिचा मर्यादित हेतू होता. एका वाचकाने एखाद्या मजकुरावर नोंदवलेला अभिप्राय दुसऱ्या वाचकाला मजकूर गाळून घेण्यासाठी वापरता यावा, ही तिच्यामागील कल्पना. ‘सहयोगी गाळण’ असे जिचे भाषांतर करता येईल ती संज्ञा येथूनच प्रचारात आली. या प्रणालीत कोणाच्या अभिप्रायावर विसंबायचे हे वाचक स्वतः ठरवीत असे. १९९४ मधील ‘ग्रुपलेन्स’ या प्रकल्पाने ती पायरी वगळली. वाचकांनी दिलेल्या गुणांची परस्परांशी तुलना करून कोणाची आवड कोणाशी जुळते हे गणिताने ठरू लागले. विश्वास कोणावर ठेवायचा, हा मूळचा मानवी निर्णय येथे प्रथम यंत्राकडे गेला.

पुस्तकांच्या व्यापारात ॲमेझॉनने १९९८ पासून ही रीत निराळ्या स्वरूपात आणली. वाचकांची परस्परांशी तुलना करण्याऐवजी वस्तूंची तुलना करावी, म्हणजे हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी कोणती पुस्तके घेतली हे पाहावे, असे तिचे सूत्र होते. कंपनीच्या तंत्रज्ञांनी २००३ मध्ये ते निबंधरूपाने मांडले. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. दोन ग्रंथांत नाते आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे प्रभाव, परंपरा, आशयसूत्र, साहित्यप्रकार यांपैकी काही आधार असतो. या सूत्रात असा कोणताच आधार आवश्यक नाही. दोन ग्रंथ एकाच खरेदीदारवर्गाच्या हाती गेले, एवढेच नाते पुरेसे असते. तुलना तीच, पण तिच्यातून ‘का’ हा प्रश्न गळालेला.

पुढचा महत्त्वाचा टप्पा २००६ मधला. नेटफ्लिक्सने आपल्या भाकित-प्रणालीची अचूकता १० टक्क्यांनी वाढवून देणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि त्यासाठी सुमारे ४,८०,००० प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुणांकन नावे वगळून खुले केले. पारितोषिक २००९ मध्ये दिले गेले. त्याआधीच, २००८ मध्ये, टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली होती. एखाद्या व्यक्तीने कोणत्या आठ चित्रपटांना कधी व किती गुण दिले हे ढोबळमानाने जरी ठाऊक असले, तरी त्या प्रचंड विदासंचातून तिची नोंद जवळजवळ निश्चितपणे वेगळी काढता येते. नाव पुसले तरी आवड उरते, आणि आवड हीच ओळख ठरते.

त्यानंतरच्या काळात या यंत्रणांचा विस्तार किती झाला, याची कल्पना कंपन्यांच्याच निवेदनांवरून येते. नेटफ्लिक्सच्या दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार त्या सेवेवर पाहिल्या जाणाऱ्या एकूण तासांपैकी सुमारे ८० टक्के तासांवर शिफारशींचा प्रभाव होता. यूट्यूबवरील एकूण पाहण्याच्या वेळेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे घडतो, असे त्या कंपनीच्या वतीने २०१८ मध्ये सांगण्यात आले. हे आकडे कंपन्यांनी स्वतः दिलेले आहेत, हे लक्षात ठेवूनही त्यांचा रोख दुर्लक्षिता येत नाही.

२. मांडणी हाच निर्णय

यंत्रणा कोणावरही सक्ती करीत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो शब्दशः खरा आहे. यंत्रणा फक्त मांडते. परंतु मांडणी निरुपद्रवी असते काय? या प्रश्नाचे एक प्रयोगसिद्ध उत्तर उपलब्ध आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १४,३४१ सहभागी व्यक्तींना अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गीते ऐकण्यासाठी दिली. काहींना केवळ गीतांची व वृंदांची नावे दिसत होती. इतरांची विभागणी परस्परांपासून अलग अशा आठ ‘जगां’त केली होती, त्यांना आपापल्या जगात कोणते गीत किती जणांनी उतरवून घेतले हेही दिसत होते. गीते तीच, आरंभ सारखाच. तरीही वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गीते अग्रस्थानी पोहोचली. अत्युत्तम गीते सहसा अगदी तळाला गेली नाहीत, निकृष्ट गीते सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. परंतु या दोन टोकांच्या मधल्या गीतांचे काय होईल हे सांगता येत नव्हते. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात हीच गीते लोकप्रियतेच्या उतरत्या क्रमाने एका स्तंभात मांडली, तेव्हा विषमता आणि अनिश्चितता दोन्ही वाढल्या. एवढासा बदल, आणि तोही केवळ मांडणीचा.

साहित्येतिहासाच्या दृष्टीने या प्रयोगाचा मथितार्थ महत्त्वाचा आहे. कोणत्याही भाषेतील बहुसंख्य ग्रंथ त्या मधल्या पट्ट्यातच असतात. त्यांचे भवितव्य गुणवत्तेने अंशतः ठरते आणि उरलेले कोणत्या वेळी, कोणापुढे, कोणत्या क्रमाने ते मांडले गेले यावरून ठरते. शिफारस-यंत्रणा हा क्रम दररोज कोट्यवधी वेळा ठरवीत असते.

त्यातही मांडणीचा क्रम हा एकच घटक नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये आपल्या पद्धतीची जी माहिती प्रसिद्ध केली, तीनुसार एकाच चित्रपटाचे मुखचित्र वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळे दाखविले जाते. ‘गुड विल हंटिंग’ हा चित्रपट प्रेमकथांची आवड असणाऱ्याला नायक-नायिकेच्या चित्रासह दिसू शकतो आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स या अभिनेत्याच्या चित्रासह. फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका इत्यादी घटकांचा विचार ‘उंबरठे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली केला होता. वाचक या उंबरठ्यांवरून संहितेत प्रवेश करतो. त्यांच्या विवेचनात एका आवृत्तीचा उंबरठा सर्व वाचकांना समान होता आणि म्हणूनच त्यावर चर्चा करता येत होती. आता घर एक आणि उंबरठे जितके प्रेक्षक तितके, अशी स्थिती संभवते. दोघांनी एकच कलाकृती पाहिली असली, तरी कोणत्या अपेक्षेने ते तिच्यात शिरले हे एकमेकांना कळण्याचा मार्ग उरत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांच्या स्वागतमीमांसेतील ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना एका वाचकपिढीला समाईक असलेल्या क्षितिजावर आधारलेली आहे. क्षितिजच प्रत्येकासाठी स्वतंत्र रेखाटले जाऊ लागले, तर स्वागताचा इतिहास कशाच्या आधाराने लिहायचा, हा प्रश्न उद्भवतो.

आणखी एक मुद्दा मोजमापाचा आहे. यंत्रणेला आवड दिसत नाही. तिला कृती दिसते. कृतीवरून ती आवडीचे अनुमान करते, त्या अनुमानावरून पुढची रास मांडते आणि त्या राशीतून झालेल्या निवडीला पुन्हा आवडीचा पुरावा मानते. आवड व निवड यांच्यातील अंतर या चक्रात क्रमशः नाहीसे होते. शिवाय कोणती कृती मोजायची, हा मानवी निर्णय असतो. यूट्यूबने २०१२ मध्ये किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला अधिक महत्त्व दिले, तेव्हा ‘आवडणे’ या शब्दाचा त्या व्यवस्थेतील अर्थच बदलला. वाचनाच्या बाबतीत हे विशेष चिंत्य आहे. एखाद्या परिच्छेदापाशी थबकून पुस्तक मिटणारा आणि दोन दिवस त्याच विचारात राहणारा वाचक मोजमापाच्या दृष्टीने पुस्तक सोडून गेलेला वाचक असतो.

३. सुचविलेला शब्द

येथवर वाचन व आस्वाद यांचा विचार झाला. लेखनातही अशीच प्रक्रिया घडत आहे. जीमेलवर २०१८ मध्ये वाक्य पूर्ण करून देणारी सोय सुरू झाली. तिच्या चाचणीच्या काळात एका संशोधकाला असे आढळले की, पुढील आठवड्यात आपण एका गुंतवणूकदाराला भेटणार आहोत, असे लिहिताच यंत्राने त्यापुढे सुचविलेल्या प्रश्नात गुंतवणूकदारासाठी पुल्लिंगी सर्वनाम योजले होते. कंपनीने अखेर लिंगवाचक सर्वनामे सुचविणेच बंद केले. चूक लक्षात आली म्हणून हा उपाय झाला. ज्या सूचना चूक म्हणून लक्षात येत नाहीत, त्यांचे काय?

केनेथ अर्नोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छायाचित्रांची वर्णने लिहिण्यास सांगितले होते. शब्द सुचविणाऱ्या कळफलकावर लिहिलेली वर्णने तुलनेने आखूड होती आणि यंत्राला अनपेक्षित असे शब्द त्यांत कमी होते. याकेश व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासात १,५०६ व्यक्तींनी समाजमाध्यमे समाजाला हितकारक आहेत की नाहीत, या विषयावर लिहिले. त्यांना साहाय्य करणारे भाषिक प्रारूप हेतुतः एका बाजूला झुकविलेले होते. लेखन तर त्या बाजूला झुकलेच; पण नंतर स्वतंत्रपणे विचारलेल्या प्रश्नांना दिलेली मतेही झुकली. दोशी आणि हाउझर यांच्या २०२४ मधील अभ्यासाचा विषय कथालेखनच होता. सुमारे ३०० लेखकांपैकी ज्यांनी यंत्राकडून कल्पना घेतल्या, त्यांच्या लघुतम कथा वाचकांना सुटेपणी अधिक सर्जनशील वाटल्या. परंतु त्या कथा एकमेकींसारख्या अधिक होत्या. प्रत्येक लेखकाचा लाभ झाला आणि साहित्याची, एक समूह म्हणून, हानी झाली. एकाही लेखकाला ही हानी आपल्या कथेत दिसणे शक्य नव्हते. ती दिसते तुलनेतच.

भारतीय संदर्भात अधिक बोलका अभ्यास कॉर्नेल विद्यापीठातील धृव अगरवाल, मोर नामन आणि आदित्य वशिष्ठ यांचा आहे. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत व अमेरिका येथील ११८ सहभागी व्यक्तींनी सांस्कृतिक विषयांवर इंग्रजीत लिहिले. काहींना यंत्राच्या सूचना होत्या, काहींना नव्हत्या. सूचना स्वीकारल्यावर भारतीयांचे लेखन अमेरिकन धाटणीकडे सरकले. आवडता अभिनेता म्हणून शाहरुख खानचे नाव लिहिण्यासाठी आरंभीचे अक्षर उमटताच यंत्र अमेरिकन नावे पुढे करी. आवडत्या अन्नासाठी पिझ्झा, आवडत्या सणासाठी नाताळ सुचवी. याहून सूक्ष्म परिणाम वर्णनांत दिसला. भारतीय पदार्थ वा सण यांविषयी लिहितानाही त्यांतील विशिष्ट तपशील गळून त्यांच्या जागी परक्या प्रेक्षकाला सोयीची सर्वसाधारण विशेषणे आली. लेखक भारतीय, विषय भारतीय. परंतु पाहणारा डोळा बाहेरचा. वसाहतकालीन प्रवासवर्णने आणि वृत्तांत यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा डोळा अपरिचित नाही. फरक इतकाच की, तेव्हा तो प्रवाशाच्या चेहऱ्यावर होता. येथे तो लिहिणाऱ्याच्याच हाताखालच्या कळफलकात आहे.

४. भाषांतरातील मूक निर्णय

तौलनिक साहित्याचा संसार भाषांतरावर चालतो. म्हणून यांत्रिक भाषांतरातील निवडींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आयलिन चालिश्कान, जोआना ब्रायसन आणि अरविंद नारायणन यांनी २०१७ मधील निबंधात तुर्की भाषेचे उदाहरण दिले. तुर्कीतील तृतीयपुरुषी सर्वनामात लिंगभेद नाही. ‘ती व्यक्ती डॉक्टर आहे’ आणि ‘ती व्यक्ती परिचारक आहे’ अशा अर्थाची दोन वाक्ये इंग्रजीत जाताना यंत्राने पहिल्यात पुरुष आणि दुसऱ्यात स्त्री कल्पिली. पुढे २०१८ मध्ये गूगलने अशा वाक्यांसाठी दोन्ही पर्याय दाखविण्यास आरंभ केला.

इंग्रजीतून मराठीत येताना हा प्रश्न अधिक बिकट होतो. इंग्रजीतील प्रथमपुरुषी साधे भूतकाळी वाक्य मराठीत ‘मी गेलो’ होईल की ‘मी गेले’, हे बोलणाऱ्याचे लिंग ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही. एखादी कादंबरी निवेदकाचे लिंग पन्नास पाने गुप्त ठेवू शकते. मराठी क्रियापद ते पहिल्याच वाक्यात उघड करते. अनुभवी भाषांतरकार अशा ठिकाणी अडतो, वाक्यरचना बदलतो, प्रस्तावनेत अडचण नोंदवतो. यंत्र अडत नाही. इंग्रजी मध्यमपुरुषी सर्वनामाचेही तसेच. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी एकाची निवड म्हणजे वय, जात, वर्ग, जवळीक, राग आणि आदर यांविषयीचे एक विधानच असते. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घराचा इतिहास या दोन सर्वनामांत साठलेला आहे. यंत्र संभाव्यतेच्या हिशेबाने त्यांतील एक उचलते आणि पर्याय होता याची खूणही मागे ठेवत नाही. मराठीसाठी गूगलचे न्यूरल पद्धतीचे भाषांतर २०१७ मध्ये आले. तेव्हापासून वाक्ये पूर्वीपेक्षा पुष्कळ सफाईदार झाली. सफाई वाढली की संशय कमी होतो, आणि मूक निर्णय अधिक मूक होतात. यंत्राच्या मसुद्यावर माणसाने संस्कार केला की दोष निघून जातो, असेही खात्रीने म्हणता येत नाही. अंतोनियो तोराल यांनी २०१९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, असे संस्कारित भाषांतर स्वतंत्रपणे केलेल्या मानवी भाषांतरापेक्षा अधिक सोपे, अधिक ठरीव आणि मूळ भाषेच्या वळणाला अधिक बांधलेले असते.

याच्याही तळाशी असलेली एक विषमता लिपीच्या पातळीवर आहे. संगणकात प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ संकेतनात साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह पाच चिन्हे आहेत. म्हणजे त्याला पंधरा बाइट लागतात. भाषिक प्रारूपे मजकुराचे ‘टोकन’ नामक तुकडे करून तो हाताळतात आणि ते तुकडे पाडण्याचे नियम ज्या संग्रहावरून शिकले जातात, त्यात इंग्रजीचे प्राबल्य असते. पेत्रोव्ह व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखविले की, एकाच आशयासाठी लागणाऱ्या तुकड्यांची संख्या दोन भाषांत पंधरा पटींपर्यंत भिन्न असू शकते. २०२४ मध्ये ओपनएआयने नवे प्रारूप आणताना दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३५ वर आले. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराला २४ पुरत होते. सुधारणा निःसंशय मोठी आहे. तथापि, तुकड्यांवरच वेळ आणि मूल्य यांचा हिशेब होत असल्याने, जनगणनेनुसार २०११ मध्ये ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली भाषाही या बाजारात महाग ठरते. महाग भाषेत प्रश्न विचारण्यापेक्षा इंग्रजीत विचारणे सोयीचे, असे मग कोणालाच न सांगता ठरून जाते. शासकीय पातळीवर २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ प्रकल्प आणि मद्रास येथील आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांसाठी खुले केलेले भाषांतर-प्रारूप, हे या असंतुलनावरील भारतीय प्रयत्न होत.

५. जुने मध्यस्थ आणि नवा मध्यस्थ

यावर एक सयुक्तिक आक्षेप असा की, वाचकाची निवड पूर्वी तरी कुठे स्वतंत्र होती? पाठ्यपुस्तक मंडळे, ग्रंथपाल, संपादक, पारितोषिक समित्या आणि समीक्षक हे सर्व राशी मांडणारेच होते. आंद्रे लफेव्हर यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात आश्रयदात्यांच्या आणि पुनर्लेखकांच्या हाती साहित्यकीर्ती कशी घडते, हे सविस्तर दाखविले आहे. मराठीपुरते पाहिले तर एकोणिसाव्या शतकातील दक्षिणा प्राइझ कमिटीने कोणते ग्रंथ लिहिले जावेत व कोणते भाषांतरित व्हावेत, यावर केलेला परिणाम सर्वश्रुत आहे. जुन्या मध्यस्थांनी स्त्रियांचे, दलितांचे आणि आदिवासींचे लेखन दीर्घकाळ राशीबाहेर ठेवले, हेही विसरता येत नाही. त्यांच्या तुलनेत यंत्रणा कित्येकदा उदार ठरते. गावातल्या दुकानात कधीच न आलेले पुस्तक ती वाचकापुढे आणू शकते. आंतरजालावर प्रत्येक जण आपल्याच मतांच्या बुडबुड्यात कोंडला जातो, हा एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये मांडलेला सिद्धान्तही नंतरच्या अनेक अभ्यासांत त्या टोकाच्या रूपात टिकलेला नाही.

हा आक्षेप मान्य करूनही तीन भेद उरतात. पहिला दृश्यतेचा. समितीचा निर्णय प्रसिद्ध होतो आणि त्यावर टीका करता येते. नाकारलेल्या ग्रंथाची कैफियत मांडता येते. यंत्राने न दाखविलेले पुस्तक नाकारले गेले, हे ना लेखकाला कळते ना वाचकाला. दुसरा भेद कारणांचा. समीक्षकाला ‘का?’ असे विचारता येते आणि त्याचे उत्तर पटले नाही तरी त्यातून वाङ्मयीन वाद उभा राहतो. मराठी समीक्षा अशा वादांवरच पोसली गेली आहे. संभाव्यतेच्या आकड्याशी वाद घालता येत नाही. तिसरा भेद समाईकतेचा. जुनी रास अन्यायकारक असली, तरी ती एका समाजाची एक रास होती. म्हणून तिच्याविरुद्ध बंड करता आले. लघुनियतकालिकांच्या आणि दलित साहित्याच्या चळवळी प्रस्थापित अभिरुचीला आव्हान देऊ शकल्या, कारण ती अभिरुची समोर दिसत होती. प्रत्येकासाठी वेगळ्या असलेल्या आणि दर तासाला बदलणाऱ्या राशीविरुद्ध चळवळ कशी उभारायची?

लहान भाषांच्या बाबतीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. ज्या पुस्तकाला अद्याप वाचक मिळालेले नाहीत, त्याची शिफारस कशाच्या आधाराने करायची, हा शिफारस-शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्यास ‘शीत-आरंभ’ म्हणतात. कोकणी किंवा संथाळी कथासंग्रहाचे मराठी भाषांतर या अर्थाने दीर्घकाळ थंडच राहते. नोंदी नाहीत म्हणून ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून नोंदी होत नाहीत. त्याच्या उबेची सोय यंत्रात नसते. ती कोणीतरी माणसाने करावी लागते.

६. तौलनिक अभ्यासापुढील कार्य

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार शिफारशींमागील मुख्य निकष व्यासपीठांना सांगावे लागतात आणि अतिविशाल व्यासपीठांना व्यक्तिचित्रणावर न बेतलेला किमान एक पर्याय वापरकर्त्यास द्यावा लागतो. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर व विदेच्या वापरावर आहे. बालकांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास त्यात मनाई आहे, परंतु शिफारशीवाचूनचा पर्याय त्यात नाही. मात्र कायदा फार तर दार उघडे ठेवू शकतो. दाराबाहेर काय आहे हे सांगणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

ते काम तीन प्रकारचे संभवते. एक, यांत्रिक भाषांतरात कोणत्या जागी निर्णय झाला आणि कोणते पर्याय सांडले, याची भाषावार नोंद. मराठी, बंगाली, तमिळ आणि उर्दू यांतील आदरार्थी सर्वनामांचे यंत्राच्या हाती काय होते, हा विषय भारतीय भाषांच्या विभागांनी एकत्र बसून अभ्यासण्याजोगा आहे. एका भाषेच्या अभ्यासकाला तो पुरता दिसणार नाही. दोन, सटीप ग्रंथसूची, परीक्षण आणि भाषांतरकाराची प्रस्तावना या जुन्या, अनाकर्षक वाटणाऱ्या प्रकारांचे पुनरुज्जीवन. ही सारी कारणे सांगणारी शिफारस होय. तीन, समीक्षेने आपल्या स्वतःच्या राशीचे परीक्षण करणे. संशोधकही आता संदर्भ शोधताना यंत्राने दिलेल्या पहिल्या पानावर विसंबू लागला आहे. तौलनिक अभ्यासासाठी कोणत्या दोन कृती शेजारी ठेवायच्या हा निर्णयच जर सुचविला जाऊ लागला, तर तुलना उरेल, तुलनाकार उरणार नाही.

संस्कृत काव्यशास्त्राने सहृदयाची कल्पना करताना काव्याच्या दीर्घ अनुशीलनावर भर दिला. रसिकता ही आयती मिळणारी वस्तू नसून ती अभ्यासाने, न रुचणाऱ्याशीही झटून, घडत जाते, असे त्यात गृहीत आहे. शिफारस-यंत्रणेचे गृहीत याच्या नेमके उलट आहे. वाचक आहे तसा राहील आणि त्याला रुचेल तेच त्याच्यापर्यंत येईल, अशी तिची बांधणी असते. साहित्याच्या शिक्षणाला जर काही अर्थ असेल, तर तो आवड बदलू शकते या विश्वासात आहे. विद्यार्थ्याला आज न आवडणारे पुस्तक त्याच्या हाती देणारा शिक्षक त्याच्या निवडीवर आक्रमण करीत नाही. त्याची उद्याची आवड तो शक्य करीत असतो, आणि ते का दिले हे विचारल्यास तो सांगू शकतो. धान्य निवडणाऱ्या हाताला खडा ओळखता यावा लागतो. ते कौशल्य निवडलेल्या धान्याच्या पिशवीतून मिळत नाही. त्यासाठी न निवडलेली रास पुढ्यात असावी लागते.